कळलावीची गाठ

श्रावण लागला की लोकांना काय काय सुचतं. मला शिव्या सुचतात. हिंगोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. दुकानामागच्या मोकळ्या प्लॉटला बाभळीच्या काट्यांचं कुंपण आहे, आणि त्या कुंपणात दरवर्षी ती मेली उगवते. कळलावी. आधी नुसता कोंब, अगदी मक्याच्या कोंबासारखा भोळा. मग पानं सुटतात, आणि प्रत्येक पानाचं टोक बारीक होत होत वळतं आणि सापडेल ते धरतं. काटा असो, तार असो, शेजारची कारल्याची वेल असो. पोळ्याच्या आधी ती कुंपणाच्या डोक्यावर चढलेली असते. फुलं बुडाशी पिवळी, शेंड्याला लाल, पाकळ्या सगळ्या मागं वळलेल्या. येणारे-जाणारे थांबून बघतात, किती सुंदर म्हणतात. मी कात्री घेऊन जाते आणि बुडापासून छाटते. थोड्या दिवसांत परत उभी. खरी ती जमिनीखाली असते, वरून कापून तिचं काही जात नाही.

यंदा तर एक मॅडम तिला कुंडीत लावूनच घेऊन आल्या. शाळेत शिकवतात, माझ्याकडं ब्लाउज टाकायच्या. नांदेडच्या नर्सरीतून आणली म्हणाल्या, शोभेची वेल आहे, तुझ्या दुकानाच्या दाराशी छान चढेल. मी म्हटलं, मॅडम, विषारी असते ही. त्या हसल्या. म्हणाल्या, आपण कुठं भाजी करून खाणार आहोत हिची? त्यांचं काही चुकत नव्हतं. पण मी कुंडी परत दिली ती जरा जोरातच दिली, आणि माती त्यांच्या साडीवर सांडली. आता त्या ब्लाउज दुसरीकडं शिवतात. शिवू देत.

मला सातवा महिना चालू आहे, आणि घरातल्या सगळ्यांचं म्हणणं की अशा वेळी बाईनं डोकं शांत ठेवावं. ठेवते की. फक्त ती वेल माझ्या डोळ्यांपुढं आणू नका. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आमच्याकडची रीत. मला माय नाही. माहेरी माझं करणारी एकच बाई आहे, सुमनकाकू. माझ्या चुलत्याची बायको. तिनं मला आणि माझ्या भावाला, गजूला, वाढवलं. बाळंतपण गावात होवो नाही तर इथल्या दवाखान्यात, माझ्या उशाशी मला ती हवी आहे, दुसरं कुणी नको. आणि मला दिवस गेल्याचं कळल्यापासून काकूचं एकच पालुपद आहे, मी येणार न्हाई. फोनवर तेच, समोर तेच. त्याच्या मुळाशी ही वेल आहे.

आमचं गाव शिरड शहापूरपासून आत, औंढ्याच्या डोंगराकडं. नेमकं नाव सांगत नाही, आणि माणसांची खरी नावंही इथं घालत नाही. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, आणि हिंगोली म्हणजे नुसतं तालुक्याचं गाव. श्रावणातल्या सोमवारी नागनाथाला पायी निघालेले लोक आमच्या रानाच्या कडेनं जायचे. रानात मुगाच्या शेंगा काळ्या पडलेल्या असायच्या. माय आणि काकू दोघी जावा शेजारशेजारच्या ओळी धरून तोडायच्या आणि सारख्या बोलायच्या. एवढं काय बोलायच्या कोण जाणे. मी मागं मागं. ओल्या मुगाचा तो हिरवा, जरासा कडवट वास, गुडघ्याला लागणारा चिखल, बांधावर फडक्यात बांधलेली भाकरी. शेंगांनी मायची बोटं काळी व्हायची, आणि त्याच बोटांनी ती माझ्या तोंडात घास द्यायची. त्या भाकरीला रानाची चव लागायची. बांधावर बोरीचं झाड होतं, आणि बोरीवर ही चढलेली, सगळी पेटल्यासारखी. मी फुलाकडं हात केला की दोघी एकदम ओरडायच्या.

तिच्याबद्दल गावाला सगळं ठाऊक होतं. घरात आणली तर भांडणं लागतात म्हणे. आमच्या शेजारी दोन जावा होत्या, वर्षभर भांडायच्या. चुलीवरून, शेणावरून, एकीच्या कोंबडीनं दुसरीचं वाळवण टोचलं यावरून. एक दिवस धाकटीनं छपरात हात घालून कळलावीची वाळकी वेल बाहेर काढली आणि सगळ्या आळीला दाखवली, की बघा, हिनं खोवली. थोरली म्हणाली, तूच खोवली आणि तूच काढली. मग त्यावरून पुढं दिवाळीपर्यंत भांडण. वेलीनं काय केलं ते देवाला ठाऊक. त्या दोघींना वेलीची काही गरज नव्हती.

आणि तिचीच मुळी, जमिनीखालचा कंद, औषधही. विंचू चावला की उगाळून लावायची. पोरींच्या डोक्यात उवा झाल्या की पानांचा रस चोळायचा, आणि मग डोकं धुवेपर्यंत पोरीचे दोन्ही हात धरून बसायचं, चुकून बोट तोंडात जाऊ नये म्हणून. म्हैस व्याली आणि वार पडली नाही की शिंगाला बांधायची. आणि बाई अडली की बाईला. ती खणायचीही रीत होती. रविवारी सकाळी, वाटेत कुणाशी न बोलता, आपली सावली तिच्यावर पडू न देता. मुळी निघते ती नांगराच्या फाळासारखी वाकडी. काळ्या दोऱ्यानं ती अडलेल्या बाईच्या उजव्या मांडीला बांधायची, म्हणजे कळा जोर धरतात आणि लेकरू सुटतं. पण लेकरू भुईला टेकलं की आधी ती गाठ सोडायची, नाळ कापायच्याही आधी, आणि मुळी लांब फेकून द्यायची. राहिली तर ती थांबत नाही. लेकरापाठोपाठ बाईचं रक्त आणि जीव ओढून काढते. गावातल्या झाडून सगळ्या बायका हे शपथेवर सांगायच्या.

माय अडली ती पोळ्याच्या करीला, सणाच्या दुसऱ्या दिवशी. गोठ्यात बैलांची शिंगं अजून रंगवलेली होती, झुली वळचणीला टांगलेल्या, घरात शिळ्या पुरणाचा वास. पाऊस लागून राहिला होता. ओढ्याला पाणी आलेलं, आणि जीप ओढ्याच्या पलीकडच्या गावात. बाबा आणि काका ओढ्याच्या काठावर जाऊन उभे राहिले, आणि तिथंच उभे राहिले. घरात गोदामाय नावाची सुईण, आजी, शेजारच्या दोघी आणि काकू. गोदामायनं मुळी बांधली आणि गाठ सोडायला कोण बसणार ते विचारलं. आजी म्हणाली, मी. माय म्हणाली, सुमन बसंल. आजीला ते पटेना. सुमनच्या पोटी लेकरू नाही, अशा कामाला तिचा हात कशाला, असं ती तोंडावर बोलली. माय त्या हालतीतही ऐकेना. तिनं काकूचा हात जो धरून ठेवला तो सोडलाच नाही.

मी बारा वर्षांची. मला अंगणातल्या चुलीवर पाणी तापवायला बसवलं होतं. लाकडं ओली, सगळा धूर डोळ्यांत. आतून मायचं ओरडणं आलं की मी जोरजोरात फुंकणी मारायची, म्हणजे ऐकू येणार नाही. दुपार कलली तेव्हा लेकराचं रडणं आलं. पोरगं झालं म्हणून कुणीतरी बोललं. मी हसले, ते मला आठवतं. मग आत काहीतरी बिघडलं. बायका भराभर बोलायला लागल्या, कापड मागायला लागल्या, आणखी कापड. एक जुनं लुगडं लाल होऊन बाहेर आलं. त्यानंतर काकू दारात येऊन उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत भरलेले होते. कुणाकडं न बघता ती म्हणाली, "मुळी सोडायची मी इसरले." दिवस बुडायच्या आत माय गेली.

अजूनही श्रावणातली ओली लाकडं पेटवताना तो धूर आला की मी ती तशीच सोडून उठते. लोक म्हणतात काळ सगळं विसरायला लावतो. कुणाला लावत असेल. मी त्या दिवसातलं काही विसरले नाही आणि कुणाला माफही केलेलं नाही. बाबांना नाही, कारण पुढं आजी काकूला काय काय बोलली ते सगळं त्यांनी भिंतीला टेकून ऐकलं आणि तंबाखू मळत बसले. काकाला नाही. गोदामायला तर नाहीच, कारण काकूचं ते वाक्य कानावर पडल्याबरोबर तिचा चेहरा सैल झाला, हे मी चुलीपाशी बसून उघड्या दारातून पाहिलं. ओढ्यावर पूल नव्हता, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. दवाखाना एवढा लांब होता, त्याचंही नाही. पुलाशी आणि दवाखान्याशी भांडायला कुठं जायचं हे गावातल्या कुणाला माहीत नव्हतं. काकू समोर होती.

त्यानंतर गावानं तिचं काय केलं ते सांगते. ती हापशावर आली की पोटुशी बाई पोटावरून पदर ओढून घ्यायची. कुणाच्या घरी पाळणा असला की सांगावा आम्हाला यायचा, तिला नाही. महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला ती स्वतःच जायची बंद झाली. आजीनं काकाला दुसरी बायको बघायचं काढलं होतं, पण तान्हं लेकरू सांभाळणार कोण, म्हणून ते लांबलं आणि मग राहूनच गेलं. काकूनं गजूला शेळीचं दूध बोंडल्यानं पाजलं. पाठीला बांधून रानात नेलं. त्याला गोवर निघाला तेव्हा आठवडाभर ती अंथरुणाला पाठ टेकल्याचं मी पाहिलं नाही. गजू तिलाच माय म्हणतो. आणि दरवर्षी श्रावणात बांधावर ही फुलली की आजी काकूला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, आली बघा हिची सोबतीण.

मला काकूचा राग यायचा. विसरली म्हणून नाही, माणूस विसरतं. ती तोंड उघडत नाही म्हणून. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. एकदा हापशावर एकीनं असाच पदर ओढला, तर मी म्हटलं, झाक बाई, झाक, तुझ्यासारखंच निघणार असेल तर झाकलेलंच बरं. सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. काकूनं तिथंच माझ्या थोबाडीत मारली. तिनं मला मारलेली ती एवढी एकच. घरी येताना मी तिला विचारलं, तुझ्याच बाजूनं तर बोलले, काहून मारलं? ती म्हणाली, माझी बाजू घ्यायची न्हाई. मला वाटलं, हिला मेलीला शिक्षा भोगायचीच हौस आहे.

लग्न होऊन हिंगोलीला आले. गजूला इथल्या शाळेत घातलं, यंदा तो दहावीला आहे. मला दिवस गेले तेव्हा माझ्या मनात एकच आलं, आता काकूची ही धोंड उतरवायची. ती माझ्यापाशी बसेल, माझं लेकरू तिच्या हातात पहिल्यांदा जाईल, आणि सगळं गाव बघेल. पण ती येईल तर ना. तिला वाटतं तिच्या हातानं माय गेली, म्हणून ती माझ्या बाळंतपणाला भिते, असं मी धरून चालले होते.

मागच्या आठवड्यात काकू आली ती पायासाठी. पायाचा अंगठा सुजून लाल झालेला, चप्पल घालवेना. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई शिकलेल्या आयुर्वेदाच्या, पण गोळ्या दोन्हीकडच्या देतात. त्यांनी तपासलं, रक्त बघितलं, गोळ्या लिहिल्या. मेडिकलमधून आणलेलं पाकीट त्यांना दाखवायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, मावशी, सांगितली तेवढीच घ्यायची हं, जास्त झाली तर जिवावर बेतेल. तुमच्या रानातली कळलावी असते ना, तिच्यातूनच काढतात हे औषध. काकूनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि हात मांडीवर घेतला.

मला संधी सापडली. मी काकूच्या देखत डॉक्टरीणबाईंना मायचं सगळं सांगितलं. मुळी, दोरा, गाठ, सगळं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं आणि वार पूर्ण पडली होती का म्हणून विचारलं. मला काय माहीत. काकू खाली बघून म्हणाली, अर्धीच पडली व्हती. मग त्यांनी नीट समजावलं. वारेचा तुकडा आत राहिला की पिशवी आवळत नाही आणि रक्त थांबत नाही. तिला दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. आमच्या ग्रंथांमध्येही या मुळीचं लिहिलेलं आहे, पण वरून दोऱ्यानं बांधलेली मुळी असं काही करत नाही. सोडली काय आणि राहिली काय. मावशी, तुमच्या हातून काही झालेलं नाही, असं त्या स्वच्छ म्हणाल्या. पंधरा वर्षं मला हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. मी काकूकडं पाहिलं. तिनं गोळ्या पदराला बांधल्या आणि विचारलं, जेवणाच्या आधी घ्यायच्या का नंतर.

बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो. तिला चालवत नव्हतं, आणि मलाही दम लागला होता. मी सुरू केलं. ऐकलंस ना, आता तर डॉक्टर सांगतात. तुझ्या विसरण्यानं काही झालं नाही. आता मी हे गावात जाऊन सांगते, एकेकीच्या दारात उभी राहून सांगते. आता येशील ना माझ्यापाशी?

तिनं मला बोलू दिलं. माझं सगळं संपल्यावर म्हणाली, "संगे, मी इसरले नव्हते."

काय विसरली नव्हतीस? मी विचारलं.

"लेकरू भुईला टेकलं तव्हाच सोडली. गाठ आवळली व्हती म्हणून दोरा दातानं तोडला. समद्यांचं ध्यान लेकराकडं व्हतं, कुणी बघितलं न्हाई. मुळी मोरीत फेकली. तरीबी बाईचं रगत थांबंना." मग ती सांगत गेली ते असं. आजीनं मायकडं पाहिलं, मग दुपट्यातल्या लेकराकडं पाहिलं आणि म्हणाली, आई गिळायला आला, पांढऱ्या पायाचा. एकदाच म्हणाली. पण शेजारच्या दोघींनी मान हलवली. आमच्या वरच्या आळीला सखाराम म्हणून एक होता, त्याच्या जन्माला त्याची आई गेलेली. त्याला आख्खं गाव आईगिळ्या म्हणायचं. कामाला निघालेला माणूस तो आडवा आला की मागं फिरायचा. त्याला कुणी पोरगी दिली नाही. म्हातारा होईपर्यंत तो एकटा भाकरी थापून खायचा. काकूला त्या घटकेला तोच दिसला. म्हणून ती उठली आणि बाहेर येऊन बोलली ते बोलली.

मी म्हटलं, अगं पण आता काय? गजू दहावीला आहे. आता कोण म्हणणार त्याला?

"तू दारोदार सांगशील, काकूचा दोष न्हाई. बराबर हाय. मंग लोक म्हणतील, तिचा न्हाई तर कुणाचा? लोकाला कुणीतरी लागतं, माय." तिनं सुजलेला पाय हातानं उचलून खालच्या पायरीवर ठेवला. "अन् तुझ्यापाशी मी बसले, तुझं नीट झालं, तरीबी तेच. माझा हात चांगला निघाला तर मंग वाईट कोण निघंल?"

माझ्या तोंडापुढं कधी कुणी टिकलं नाही. सासू नाही, नवरा नाही, गिऱ्हाईक नाही. त्या पायरीवर मी रडत होते आणि येणारे पेशंट बघत होते. काकूनं माझ्या पोटावर हात ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. आत लेकरानं पाय मारला तसा तिनं हात चटकन काढून घेतला आणि पदराखाली ठेवला.

"गजूचं लगीन होऊ दे," ती म्हणाली. "मंग तुझ्या दुसऱ्याला येते."

मी हो म्हटलं.